नवे प्रसारण तंत्रज्ञान आणि रेडिओतील नोकऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नवे प्रसारण तंत्रज्ञान’ म्हणतात, त्यात नेमके काय येते?

या एका नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होते. पहिली गोष्ट श्रोत्यापर्यंत आवाज पोहोचवण्याची आहे. एएम आणि एफएमच्या जोडीला किंवा जागी येणारे डॅब (डिजिटल ऑडिओ ब्रॉडकास्टिंग) आणि डीआरएम (डिजिटल रेडिओ माँडियाल) यांसारखे डिजिटल प्रक्षेपण, तसेच इंटरनेटवरील थेट प्रसारण यात मोडते. दुसरी गोष्ट स्टुडिओच्या आतली आहे. गाणी, जाहिराती, जिंगल आणि ध्वनिमुद्रित निवेदने ठरल्या क्रमाने व ठरल्या वेळी वाजवणारी प्लेआउट प्रणाली, आणि कोणते गाणे कधी लागावे हे ठरवणारे सॉफ्टवेअर, ही तिची उदाहरणे. तिसरी गोष्ट अंतराशी संबंधित आहे. आवाज संगणकाच्या जाळ्यातून जवळजवळ विनाविलंब पाठवता येऊ लागल्यामुळे स्टुडिओ एका शहरात, निवेदक दुसऱ्या शहरात आणि तांत्रिक नियंत्रण तिसऱ्याच ठिकाणी असू शकते. चौथी गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे संहिता लिहिणाऱ्या, आवाज घडवणाऱ्या आणि बोललेल्याचे लिखित रूप करणाऱ्या साधनांची.

या चारही गोष्टींची झळ वेगवेगळ्या माणसांना लागते. डॅबमुळे निवेदकाचे काम बदलत नाही, पण ट्रान्समीटर सांभाळणाऱ्याचे बदलते. कृत्रिम आवाजाने नेमके उलटे होते. त्यामुळे आपल्या नोकरीचा विचार करताना यांपैकी कोणती गोष्ट आपल्या दाराशी आली आहे, हे आधी निश्चित करावे.

मग रेडिओतील नोकऱ्या संपणार का?

एखादे पद एका दिवसात रद्द झाले, असे रेडिओत क्वचितच घडते. आधी पदातले तास जातात. सुरुवात मध्यरात्रीच्या पाळीपासून होते, मग पहाटेची पाळी, मग सुट्टीच्या दिवशीची दुपार, मग गाण्यांच्या सलग कार्यक्रमांमधली निवेदने. जे तास कमी श्रोते ऐकतात ते यंत्राकडे सोपवणे व्यवस्थापनाला सोपे जाते. सकाळचा मुख्य कार्यक्रम, बातम्या आणि थेट समालोचन यांना सर्वांत शेवटी हात लागतो.

वरकरणी ही मांडणी न्याय्य वाटते, पण तिच्यातला खरा तोटा वेगळा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. जे तास आधी जातात, तेच नवख्यांचे शिकण्याचे तास होते. लाइन अचानक तुटली तर चाळीस सेकंद कशी भरून काढायची, घड्याळाच्या ठोक्याला वाक्य कसे संपवायचे, अपरिचित नावाचा उच्चार चुकला तर न अडखळता कसा सुधारायचा, हे सारे माणसे रात्रीच्या पाळीतच शिकत आली. तिथे चूक झाली तरी ती थोड्यांच्याच कानी पडे. या तासांवर काम करणारे बहुधा नैमित्तिक किंवा कंत्राटी असल्यामुळे ते कमी झाल्याची नोंद नोकरकपात म्हणून होतही नाही. आज काम करणाऱ्या अनुभवी माणसांची नोकरी कदाचित टिकेल, पण त्यांच्यामागून येणाऱ्यांना चढायला पायरी उरत नाही.

कोणती कामे सर्वांत जास्त धोक्यात आहेत?

एका विशिष्ट यंत्राशी बांधलेली, नियमाने सांगता येणारी आणि वारंवार तशीच होणारी कामे आधी जातात. गाण्यांची यादी हाताने तयार करणे, जाहिराती वाजल्याच्या नोंदी लिहिणे, ध्वनिमुद्रित कार्यक्रमांवर नुसती देखरेख ठेवणे, ठराविक साच्यातील हवामान व रहदारीचे वृत्त वाचणे, मुलाखतींचे लिखित रूप करणे, छोट्या जाहिरातींसाठी आवाज देणे ही त्यांची उदाहरणे आहेत. जाहिरातींच्या आवाजाचे काम अनेक निवेदकांचे मुख्य पूरक उत्पन्न असते. त्यामुळे नोकरी शाबूत असूनही महिन्याचे गणित कोलमडू शकते.

व्हॉइस ट्रॅकिंगचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण गेल्या काही दशकांत निवेदकांच्या संख्येवर त्याचा मोठा परिणाम झाला आहे. या पद्धतीत निवेदक गाण्यांच्या मधली निवेदने तेवढी आधी मुद्रित करतो आणि प्रणाली ती योग्य जागी बसवते. चार तासांचा कार्यक्रम तासाभरात किंवा त्याहूनही कमी वेळात तयार होतो. तोच निवेदक मग दुसऱ्या, तिसऱ्या शहरासाठीही बोलतो आणि तिथल्या निवेदकाची गरज संपते. यात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठेही नाही. आवाज खऱ्या माणसाचा आहे आणि तरीही नोकऱ्या कमी झाल्या आहेत.

याआधीही असे घडले आहे का?

अनेकदा. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात संगीत बहुतांशी स्टुडिओत प्रत्यक्ष वाजवले जाई आणि मोठ्या स्थानकांकडे स्वतःचे वाद्यवृंद असत. ध्वनिमुद्रिका प्रसारित होऊ लागल्या तसे वादकांचे काम आटत गेले. त्याविरुद्ध अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून व्यापारी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या लढ्याच्या अखेरीस ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मुद्रिकेमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत देण्याचे मान्य केले आणि त्या निधीतून वादकांना जाहीर कार्यक्रमांचे काम मिळू लागले. ध्वनिमुद्रिका थांबल्या नाहीत. स्थानकांचे वाद्यवृंदही पुढे विसर्जित होत गेले. तरीही यंत्राने वाचवलेल्या पैशातला काही वाटा काम गमावणाऱ्यांकडे वळवता येतो, हे त्या वादकांनी दाखवून दिले. आज कृत्रिम आवाजांबद्दल चाललेल्या वाटाघाटींची मुळे मला त्या लढ्यात दिसतात.

त्यानंतर चुंबकीय फीत आली. अमेरिकेत १९४७ मध्ये गायक बिंग क्रॉस्बी यांचा रेडिओ कार्यक्रम जर्मन बनावटीच्या यंत्रांवर मुद्रित करून प्रसारित होऊ लागला आणि पुढच्याच वर्षी अँपेक्स कंपनीची यंत्रे वापरात आली. फितीने प्रत्यक्ष प्रसारणाची सक्ती संपवली, पण संपादनाचा नवा व्यवसायही उभा केला. सेकंदाला साडेसात किंवा पंधरा इंच वेगाने धावणाऱ्या फितीवर पेन्सिलीने खूण करून, ब्लेडने तिरका काप देऊन श्वाससुद्धा न तुटेल असा जोड देणारे तंत्रज्ञ ही त्या काळाची देणगी होती. १९५० च्या दशकात स्वयंचलित प्रणाली आल्या. फितीवर ऐकू न येण्याइतका खालचा, २५ हर्ट्झचा संकेत मुद्रित केलेला असे आणि तो मिळाला की पुढचे यंत्र आपोआप सुरू होई. १९७९ पासून गाण्यांची निवड संगणकावर करणारे सॉफ्टवेअर मिळू लागले.

डिजिटल संपादन आल्यावर ब्लेड आणि फीत गेली, पण जोड कुठे द्यावा हे कानाने ओळखणारी माणसे पडद्यावरही उत्तम संपादक ठरली. ज्यांना केवळ यंत्राची सवय होती त्यांची अडचण झाली.

एफएम बंद झाले तर प्रक्षेपण विभागातील अभियंत्यांचे काय?

नॉर्वेने ११ जानेवारी २०१७ रोजी नूरलान परगण्यापासून सुरुवात करून त्याच वर्षाच्या डिसेंबरपर्यंत राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण बंद केले. असे करणारा तो जगातील पहिला देश. अनेक छोटी स्थानिक स्थानके मात्र एफएमवरच राहिली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपले एफएम प्रक्षेपण थांबवले.

एफएमवर प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र ट्रान्समीटर लागतो. डॅबमध्ये एकाच ट्रान्समीटरवरून दहा-बारा किंवा अधिक वाहिन्या एकत्रित जातात. त्यामुळे यंत्रांची संख्या, विजेचा खर्च आणि देखभालीचे मनुष्यबळ कमी होते. शिवाय ट्रान्समीटरची स्थिती दुरूनच पाहता येत असल्यामुळे प्रत्येक केंद्रावर चोवीस तास माणूस ठेवण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी यापूर्वीच संपली आहे. मनोरा, अँटेना, शीतकरण आणि पर्यायी वीजपुरवठा यांना मात्र आजही माणसाचे हात लागतात. हे काम स्थानकाच्या पगारपत्रकातून निघून मनोऱ्यांचे जाळे चालवणाऱ्या कंपनीकडे जाते, म्हणजे अभियंत्याचा मालक बदलतो आणि एका माणसाकडे अनेक केंद्रे येतात. ज्या अभियंत्याने रेडिओ लहरींच्या ज्ञानाला संगणक जाळ्यांच्या ज्ञानाची जोड दिली आहे, त्याची मागणी घटलेली नाही. विविध कंपन्यांच्या उपकरणांमध्ये आवाजाची देवाणघेवाण व्हावी म्हणून २०१३ मध्ये ठरलेले एईएस६७ हे मानक ज्याला नीट उलगडून सांगता येते, अशा माणसाला कोणत्याही मोठ्या स्टुडिओत काम आहे.

कृत्रिम आवाजाचे निवेदक माणसांची जागा घेतील का?

प्रयत्न सुरू झाले आहेत आणि त्यातली काही उदाहरणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेतील पोर्टलंड येथील एका स्थानकाने २०२३ मध्ये आपल्या निवेदिकेच्या आवाजाची प्रतिकृती तयार करून तिच्याच कार्यक्रमाचा काही भाग त्या प्रतिकृतीकडे दिला. तिथे श्रोत्यांना ते सांगितले होते. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या काडा या स्थानकावर एका कृत्रिम आवाजाची निवेदिका सुमारे सहा महिने कार्यक्रम करत होती आणि ती खरी व्यक्ती नसल्याचे श्रोत्यांना सांगितलेले नव्हते. २०२५ मध्ये ही गोष्ट उघड झाली, तेव्हा तिथल्या आवाज कलावंतांनी तीव्र निषेध केला.

पोलंडमधील ऑफ रेडिओ क्राकुफची घटना सर्वांत बोलकी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये या स्थानकाने आधीच्या निवेदकांबरोबरचे काम थांबवून काही आठवड्यांतच तीन कृत्रिम निवेदक आणले. त्यांपैकी एकाने नोबेल विजेत्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची ‘मुलाखत’ घेतली. शिंबोर्स्का २०१२ मध्येच निवर्तल्या होत्या. हजारो लोकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या आणि तीन महिन्यांसाठी आखलेला हा प्रयोग सुमारे आठवडाभरात गुंडाळावा लागला. निवेदकांना काढण्याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हते, असा स्थानकाचा खुलासा होता.

या उदाहरणांवरून माझे मत असे झाले आहे की दोन गाण्यांच्या मध्ये केवळ नाव व वेळ सांगणारे निवेदन यंत्र करू शकते आणि पुढे बहुतेक ठिकाणी तेच करील. पण रेडिओ ऐकणारा माणूस पलीकडे कुणीतरी या क्षणी जागे आहे, या भावनेनेही ऐकत असतो. ती भावना खोटी होती असे कळले की त्याला फसवल्यासारखे वाटते आणि क्राकुफमध्ये लोकांनी ते स्पष्टपणे सांगितले. ज्या निवेदकाच्या कामात श्रोत्याशी खरे नाते आहे, त्याची जागा घेणे महागात पडते. असे नाते जमवायला मात्र वर्षे लागतात, आणि ती वर्षे नव्या माणसाला द्यायला स्थानके आज तयार नाहीत, ही माझी खरी चिंता आहे.

माझ्या आवाजाची प्रतिकृती करण्यासाठी करार पुढे ठेवला आहे. काय तपासावे?

सही करण्यापूर्वी कायद्याच्या जाणकाराला तो दाखवावाच. त्याखेरीज काही गोष्टी स्वतः वाचाव्यात. आवाज कोणत्या कामासाठी वापरला जाईल हे नेमके लिहिले आहे का, की ‘सर्व प्रकारच्या व सर्व माध्यमांतील वापरासाठी’ असा मोघम शब्दप्रयोग आहे? परवानगीला मुदत आहे का? नोकरी सोडल्यावर, किंवा नोकरीवरून काढल्यावर, प्रतिकृती वापरात राहील का? ती दुसऱ्या स्थानकाला विकता येईल का? जाहिराती, राजकीय मजकूर आणि तुम्हाला न येणाऱ्या भाषांतील मजकूर यांचा वेगळा उल्लेख आहे का? मोबदला एकरकमी आहे की वापरागणिक? एकरकमी मोबदला पहिल्या दिवशी मोठा वाटतो. तोच आवाज दहा वर्षे रोज वाजला तर काय, याचा हिशेब मांडून पाहावा. जुन्या करारांचेही पुनर्वाचन करावे, कारण वर्षानुवर्षांची तुमची ध्वनिमुद्रणे संग्रहात पडून आहेत आणि प्रतिकृती तयार करायला नव्या ध्वनिमुद्रणाची गरज लागतेच असे नाही.

कायदाही या दिशेने हळूहळू सरकत आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०२४ मध्ये माणसाच्या आवाजाला अनधिकृत प्रतिकृतीपासून संरक्षण देणारा कायदा केला. युरोपीय संघाच्या २०२४ मधील कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात खऱ्यासारखा भासणारा कृत्रिम आवाज तसा असल्याचे जाहीर करण्याचे बंधन आहे. अमेरिकेतील अभिनेते व प्रसारण कलावंतांच्या संघटनेने २०२३ मध्ये चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ११८ दिवसांच्या संपानंतर डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला ही दोन तत्त्वे करारात आणली. तो करार रेडिओचा नव्हता, पण वाटाघाटींच्या टेबलावर दाखला म्हणून तो ठेवता येतो.

नोकऱ्या तंत्रज्ञानामुळे जातात की मालकीच्या निर्णयांमुळे?

दोन्ही, पण दुसऱ्याचा वाटा बहुधा कमी लेखला जातो. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्थानके बाळगावीत यावरची मर्यादा काढली आणि पुढील काही वर्षांत एकाच कंपनीकडे बाराशेहून अधिक स्थानके आली. व्हॉइस ट्रॅकिंगचा मोठ्या प्रमाणावरील वापर याच एकत्रीकरणानंतर वाढला. साधन आधीपासून होते, पण त्याचा किफायतशीर वापर करता येईल एवढी स्थानके एका हाती नव्हती. २०१७ मध्ये तिथल्या नियामकाने स्थानकाचा मुख्य स्टुडिओ त्या परिसरातच असण्याची अनेक दशकांची अटही रद्द केली. इंग्लंडमध्ये बीबीसीने २०२३ मध्ये आपल्या ३९ स्थानिक स्थानकांचे दुपारनंतरचे बरेचसे कार्यक्रम सामायिक केले आणि पैसा ऑनलाइन बातम्यांकडे वळवला. त्याविरुद्ध पत्रकारांच्या संघटनेने संप केला.

रिकाम्या स्टुडिओचा परिणाम केवळ कर्मचाऱ्यांपुरता राहत नाही. १८ जानेवारी २००२ च्या रात्री, दीडच्या सुमारास, अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील मायनॉट शहराजवळ मालगाडी घसरून अमोनिया वायू पसरला आणि एक माणूस दगावला. शहरातील सहाही व्यापारी रेडिओ स्थानके एकाच कंपनीची होती आणि त्या रात्री स्थानकाशी संपर्क साधणे पोलिसांना जमले नाही. आणीबाणीच्या सूचनेची यंत्रणा नीट जोडलेली नव्हती की स्टुडिओत पुरेशी माणसे नव्हती, यावर पुढे बराच वाद झाला.

पॉडकास्टमुळे काम वाढले की घटले?

काम वाढले, पक्की नोकरी तितकी वाढली नाही. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मध्ये रूढ होऊ लागला आणि आज संपादक, संशोधक, ध्वनिरचनाकार व निवेदक यांना तिथे भरपूर मागणी आहे. पण बरेचसे काम मालिकेपुरते असते. मालिका संपली की उत्पन्न थांबते, आणि आजारपणाची रजा किंवा निवृत्तिवेतन यांचा विषयही निघत नाही. रेडिओत शिकलेल्या माणसाला ध्वनिपातळीचे वेगळे संकेत तेवढे समजून घ्यावे लागतात. युरोपीय प्रसारणासाठी २०१० मध्ये ठरलेली सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजण्याचे एकक) आहे, तर पॉडकास्ट साधारणपणे उणे १६ च्या आसपास तयार केले जातात.

नवीन कोणती कामे निर्माण झाली आहेत?

संग्रहाचे काम माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे. अनेक प्रसारण संस्थांकडे दशकांच्या फिती पडून आहेत. त्या डिजिटल करणे, त्यात कोण बोलत आहे हे ओळखणे, हक्क कोणाकडे आहेत हे शोधणे आणि पुन्हा वापरता येतील अशा नोंदी करणे, याला जुन्या माणसांचा कान आणि नव्या माणसांचे संगणकज्ञान दोन्ही लागते. याशिवाय श्रोत्यांच्या ऐकण्याच्या आकडेवारीचा अर्थ लावणे, कार्यक्रमाचे तुकडे इतर माध्यमांसाठी बेतणे, जाळ्यांची सुरक्षा आणि यंत्राने लिहिलेल्या मजकुराची तथ्यतपासणी ही कामे वाढली आहेत. ती गेलेल्या कामांएवढी आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही.

या क्षेत्रात आत्ता येऊ पाहणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

रात्रीच्या पाळीची शाळा बंद होत असेल तर तिच्यासारखी दुसरी जागा शोधावी लागते. समुदाय रेडिओ, महाविद्यालयीन रेडिओ, रुग्णालयांतील अंतर्गत रेडिओ आणि स्थानिक खेळांचे समालोचन इथे अजूनही चुका करायला वाव आहे. ध्वनिमुद्रित काम कितीही केले तरी थेट प्रसारणाचा अनुभव घ्यावाच, कारण परत मुद्रित करण्याची सोय नसते तेव्हाच आवाज, घड्याळ आणि विचार एकत्र चालवायची सवय लागते. संपादन स्वतः करायला शिकावे. एखादा विषय निवडून त्यात खोलवर जावे, मग तो शेती असो, न्यायालये असोत किंवा शास्त्रीय संगीत. केवळ गोड आवाज ही आज सर्वांत स्वस्तात मिळणारी गोष्ट झाली आहे.

पदवी आवश्यक आहे का?

अभियंत्यासाठी बहुधा होय. निवेदक व निर्माता यांच्या बाबतीत ऐकवता येईल असे स्वतःचे काम अधिक उपयोगी पडते.

वीस-पंचवीस वर्षे नोकरी झाल्यावर सगळे नव्याने शिकावे लागेल का?

सगळे नव्हे. मुलाखतीत गप्प कधी राहावे, कोणती बातमी थांबवून धरावी, कोणता आवाज खोटा वाटतो, हे ज्ञान कोणत्याही सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने कालबाह्य होत नाही. नवी साधने शिकण्यासाठी काही आठवडे पुरतात, मात्र ती शिकण्याची सोय कामाच्या वेळेत आणि संस्थेच्या खर्चाने मागावी. तरुण सहकाऱ्याकडून साधन शिकावे आणि त्याच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण त्याच्यासोबत बसून ऐकावे. पूर्वी वरिष्ठ निवेदक पाळी संपल्यावर हेच करत असत आणि ती पद्धत पुन्हा सुरू करायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

आमच्या स्थानकाने स्वयंचलन आणायचे ठरवले आहे. व्यवस्थापनाला काय विचारावे?

निर्णय होण्याआधी, लेखी आणि शक्यतो संघटनेमार्फत विचारावे. कोणते तास स्वयंचलित होणार आणि त्या तासांवर आज कोण काम करते, नैमित्तिक निवेदक धरून? वाचलेल्या खर्चातला किती भाग वार्तांकन व प्रशिक्षणाकडे जाईल? कृत्रिम आवाज वापरला तर श्रोत्यांना दर वेळी सांगितले जाईल का? यंत्राने चुकीची माहिती प्रसारित केली तर जबाबदारी कोणाच्या नावावर असेल? पूर, आग किंवा अपघात झाला तर रात्री दीड वाजता स्थानकाचा फोन कोण उचलील आणि त्याला थेट माइक उघडण्याचा अधिकार असेल का? आणि येत्या वर्षभरात एखाद्या नवख्याला एकट्याने थेट कार्यक्रम सांभाळायला मिळेल असे किती तास वेळापत्रकात राखून ठेवले आहेत, हेही विचारावे आणि त्या उत्तरात आकडा मागावा.